उतारवयातील नवा ड्रायव्हर : पहिले काम कसे मिळवावे?

यंत्रमाग विकावा लागला, दुकान बसले, म्हणून पंचेचाळिशीत जड वाहनाचा परवाना काढणारे बांधव आज गावोगाव आहेत. परवाना मिळतो, पण "आधी कुठे गाडी चालवली?" या मालकाच्या प्रश्नाला उत्तर नसते आणि काम अडते.

अशांनी लगेच लांब पल्ल्याच्या ट्रकमागे धावू नये. भिवंडीची गोदामे, कळंबोलीचा लोखंड बाजार अशा ठिकाणी जवळच्या फेऱ्यांचा टेम्पो आधी मागावा. एकूण वजन ७,५०० किलोच्या आतील मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. वर्षभर माल सुखरूप पोचवला की तोच मालक मोठी गाडी देताना कचरत नाही.

वय लपवू नये. वीस वर्षे कापडाचे तागे हाताळणाऱ्याला भिजलेला किंवा कमी भरलेला माल चटकन ओळखता येतो. हे मालकाला आवर्जून सांगावे. डोळे तपासून घ्यावेत.

गाडी ताब्यात घेण्यापूर्वी नोंदणी, विमा, फिटनेस, परमिट व पीयूसी पाहावे. मूळ परवाना मालकाकडे ठेवू नये, झेरॉक्स द्यावी. पगार व भत्ता आधी ठरवावा. पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायाला २०२५ पर्यंत १९६१ चा कायदा लागू होता. त्यात दिवसाला आठ तासांची मर्यादा होती. रात्रभर जागून माल पोचवण्याची अट घालणाऱ्याला पहिल्याच दिवशी नकार द्यावा. काम दुसरे मिळेल, जीव दुसरा मिळणार नाही.