घर पाहावं वैशाखात आणि भादव्यात

आमच्या वाशीमकडे घरांचे सौदे बहुधा दिवाळीनंतर होतात. सोयाबीन विकून हातात पैसा आलेला असतो आणि विकणाऱ्यानंही सणाला घर रंगवलेलं असतं. जमीन तेव्हा फार ओलीही नसते, फार भेगाळलेलीही नसते. त्या दिवसांत कोणतंही घर चांगलंच दिसतं. नात्यात कुणी घर घ्यायला निघालं की मला सोबत नेतात. त्यातून जे कळत गेलं ते असं.

१. आधी जमीन विचारावी. आमची काळी माती पिकाची माय आहे, पण घराच्या पायाला ती सोसवत नाही. तिच्यातली मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा आपण शेतात दर वर्षी पाहतो. तीच माती जोत्याखाली असली तर घर पावसात उचललं जातं, उन्हाळ्यात खाली बसतं. तेही सगळीकडे सारखं होत नाही, कारण कडेची माती लवकर सुकते आणि मधली ओलसर राहते. म्हणून भिंत तिरपी फाटते. पाया काळी माती ओलांडून मुरमात टेकला असेल तर काळजी बरीच कमी होते. मालकाला विचाराच, पण तेवढ्यावर थांबू नका. त्याच गल्लीत शोषखड्डा किंवा नवा पाया खोदलेला असेल तिथे जाऊन डोकावा. काळा थर किती खोल आहे आणि मुरूम कुठे लागतो, ते उघडं दिसतं. त्या घराचा पाया घातलेला मिस्त्री गावातच असेल तर त्यालाही गाठा.

२. भेगेची दिशा पाहा. गिलाव्यावरची केसासारखी जाळी बहुधा पाणी कमी मारल्याची असते, तिची धास्ती नको. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी, एका टोकाला रुंद झालेली भेग मात्र बहुतेक पायाचीच. समोरून ती पुट्टीखाली गेलेली असते, म्हणून मागच्या बोळातून भिंत पाहावी. प्रत्येक दार लावून बघावं. एका नातलगानं पसंत केलेल्या घरात रंग कोरा होता, पण आतल्या दारांच्या वरच्या कडा रंधा मारून तिरप्या केलेल्या होत्या. चौकटी हलल्याशिवाय कुणी असं करत नाही. तो सौदा आम्ही सोडला.

३. कपाटं सरकवायला सांगा. संकोच करू नका, आयुष्याची पुंजी लागणार आहे. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत पोपडे आणि पांढरा खार दिसला तर ओल जोत्यातून चढते आहे. एकाच भिंतीला कमरेपर्यंत नवी टाइल असेल तर कारण विचारावं. स्लॅबच्या खालून सळईच्या रेषेत तपकिरी डाग किंवा फुगवटा असेल तर आतलं लोखंड गंजलं आहे. हा खर्च सगळ्यांत मोठा, आणि रंगानं सगळ्यांत सहज झाकला जाणारा.

४. कारंजा-रिसोडकडे जुनी धाब्याची घरं अजून विकली जातात. त्यांची माती उन्हाळ्यात गारवा देते हे खरं. पण १९९३ साली किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या भिंती आणि वरचं जड माळवद यांच्याखालीच माणसं गाडली गेली. शेजारच्या हिंगोलीत २०२४ मध्येही धक्के बसले. असं घर घ्यायचंच असेल तर तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक टोकदार अवजारानं टोचून पाहा. वाळवी बहुतेक तिथूनच लागते.

५. बोअर मे महिन्यात, सलग चालवून बघावी. आपल्या बेसाल्ट खडकात पाणी फटींत आणि झिजलेल्या थरांत साठतं, त्यामुळे शेजाऱ्याची बोअर भरलेली म्हणून आपलीही भरलेली असेल असं नाही. वाशीम शहरात एकबुर्जीचं पाणी उन्हाळ्यात किती दिवसांआड येतं, हे विकणाऱ्यापेक्षा शेजारणीला विचारावं. पावसाचं पाणी कुठे तुंबतं, तेही तीच सांगते.

६. कागदांतही भेगा असतात. गावात नमुना आठ दाखवतात. ती कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. शहराच्या कडेला शेतात पाडलेल्या प्लॉटवर घर असेल तर अकृषक आदेश मागा. गुंठेवारीचं असेल तर २००१ च्या कायद्याखाली नियमित झाल्याचं प्रमाणपत्र पाहा. २०२१ च्या दुरुस्तीनं ही सवलत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना मिळाली, त्यानंतरच्या नाही. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बँकेचा बोजा आहे का, तेही वाचा. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घ्या.

७. घर उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात, दोन्ही ऋतूंत पाहीपर्यंत थांबणं जमत नसेल तर निदान एक तरी मोठा पाऊस त्या घरावर पडू द्या. इसारपावतीत तशी अट लिहून घ्या: पावसानंतर दोघांनी मिळून घर पाहायचं, गळती किंवा नवी भेग निघाली तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा, आणि पायाचा दोष निघाला तर इसार पूर्ण परत. विकणारा या अटीवर सही करायला कचरला, तर त्याच्याशी आणखी बोलण्यात वेळ घालवू नका.