ऑक्टोबर कीं नोव्हेंबर?

जगाच्या इतिहासाची कठीण प्रश्नपत्रिका सोडवून मुलें बाहेर आलीं आणि व्हरांड्यांत उत्तरांचा ताळा सुरू झाला. रशियांतील बोल्शेविक क्रांतीची तारीख एकानें २५ ऑक्टोबर १९१७ लिहिली होती, दुसऱ्यानें ७ नोव्हेंबर. ‘ऑक्टोबर क्रांति’ या नांवामुळें बहुमत पहिल्याकडे झुकलें. दुसऱ्याचे डोळे भरून आले. वस्तुतः दोन्ही उत्तरें बरोबर! रशियांत तेव्हां जुनी ज्यूलियन कालगणना चालत असे; पोप ग्रेगरी यांनीं १५८२ सालीं सुरू केलेल्या कालगणनेच्या ती १३ दिवस मागें होती. पुढें १९१८ मध्यें ३१ जानेवारीनंतरचा दिवस तेथें एकदम १४ फेब्रुवारी मानला गेला! मात्र कोणती कालगणना धरली, हें दोघांनींही लिहिलें नव्हतें. त्याबद्दल अर्धा गुण मीं दोघांचाही कापला.