आधी घराचेच फोटो काढ

घरफोडी झाल्यापासून तू फोटोग्राफीचं नावच टाकलंयस, असं तुझी आई म्हणाली. येणारे-जाणारे तुला सांगत असतील, ‘वस्तूच गेल्या ना, माणसं सुखरूप आहेत हे काय कमी आहे?’ ते खोटं बोलत नाहीत. पण कॅमेऱ्याच्या बॅगेत हार्ड डिस्कही होती आणि तिच्यात तुझी कित्येक वर्षांची कामं होती, हे त्यांना कुठून कळणार? त्याचं वाईट वाटून घे, बाळा. मी तुला सावरून घे म्हणायला लिहीत नाहीये. वाईट वाटत असतानाच करायच्या काही गोष्टी असतात, तेवढ्या तुझ्या कानावर घालते. यातलं काही मी ज्यांच्याकडे डार्करूम शिकले त्या मास्तरांचं आहे, काही माझं.

आधी कागद. ते लोंबकळत राहिले की मनही तिथेच लोंबकळतं. एफआयआरची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते, तो तुझा हक्क आहे. नसेल घेतली तर जाऊन घे. त्यात नुसतं ‘एक काळा कॅमेरा’ असं लिहिलेलं असेल तर पुरवणी जबाब देऊन बॉडीचा आणि प्रत्येक लेन्सचा सिरियल नंबर नोंदवून घे. खोका आणि बिल सापडत नसेल तरी धीर सोडू नकोस. बऱ्याच कॅमेऱ्यांत बॉडीचा नंबर प्रत्येक मूळ फाइलच्या आत उतरलेला असतो. तू काढलेली एखादी मूळ फाइल कुणाकडे ईमेलने गेली असेल तर ती मागव आणि तिचा मेटाडेटा उघडून बघ. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो म्हणून पाठवलेला चालणार नाही, त्यात ही माहिती गळून जाते. पकडलेला माल तुझाच आहे हे ठरवायला हा नंबर सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.

मग गेलेल्या फोटोंचा शोध. डिस्क गेली म्हणजे सगळंच गेलं असं धरून बसू नकोस. लॅपटॉप वाचलाय ना? त्यात लाइटरूमचा कॅटलॉग असेल तर त्याच्या प्रिव्ह्यूजच्या फोल्डरमधून लहान आकाराच्या प्रती काढता येतात. मोठे प्रिंट होणार नाहीत, पण फोटो डोळ्यांसमोर तरी राहतील. ड्रॉवरमधली जुनी मेमरी कार्डं गोळा कर आणि त्यांवर काहीही नवं काढू नकोस. फॉरमॅट केलेल्या कार्डावरचे फोटोही, त्यांच्यावर दुसरं काही लिहिलं गेलं नसेल, तर फोटोरेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरने बरेचदा परत येतात. ज्या लॅबमधून प्रिंट काढलेस तिथे विचार, ज्या स्पर्धांना पाठवलेस तिथे विचार, ज्यांच्या लग्ना-मुंजीत काढलेस त्यांनाही विचार. जे मिळेल ते तीन ठिकाणी ठेव: एक लॅपटॉपवर, एक वेगळ्या डिस्कवर आणि एक घराबाहेर, माझ्याकडे किंवा क्लाउडवर. तिसरी प्रत घराबाहेरच हवी. एकाच कपाटात तीन डिस्क ठेवल्या तर कपाट फोडणारा तिन्ही नेतो.

आता खरं सांगायचं ते. नव्या कॅमेऱ्याची वाट बघू नकोस, तपासाची नको, विम्याचीही नको. हातात फोन आहे, त्याने सुरुवात कर, आणि आधी घराचेच फोटो काढ.

मला माहितीये, त्या खोलीत पाऊल टाकावंसं वाटत नाही. परका माणूस आपल्या साड्यांच्या घड्या विस्कटून गेला, आपल्या डब्यांत हात घालून गेला, ही भावना नुसतं घर पुसून जात नाही. म्हणून तर म्हणते, फोन घेऊन तिथे जा. कपाटाच्या दाराला कटावणीचा ओरखडा पडलाय, रंग उडून खालचा पत्रा चमकतोय. त्याच्या जवळ जा, खिडकीचा उजेड तिरका पडतो तेव्हा जा, आणि त्या ओरखड्याला त्याची कड, त्याची खोली मिळेपर्यंत बघत राहा. कोयंड्याच्या जुन्या स्क्रूंची भोकं, ठसे घेणाऱ्यांनी टाकलेली आणि ड्रॉवरच्या मुठीच्या खाचेत अजून अडकून राहिलेली पावडर, हे सगळं काढ. ज्या जागेकडे आपण नीट बघतो, तिथला उजेड कुठून येतो हे आपल्याला कळतं, ती जागा हळूहळू पुन्हा आपली वाटायला लागते. मास्तर म्हणायचे, घाबरवणाऱ्या वस्तूचं आधी एक्स्पोजर मोज.

त्यानंतर एक वेगळी मालिका कर: चोराने जे नेलं नाही त्याचे फोटो. आजीचा अडकित्ता, पुस्तकांचा गठ्ठा, तुझी स्केचबुकं, कुंडीतला कडीपत्ता. त्याला या वस्तूंची काही किंमत वाटली नाही, तुला आहे. हे मला तुझ्या डोळ्यांनी बघायचंय.

घराच्या आत राहून मोठं काम करता येतं, याबद्दल शंका ठेवू नकोस. आंद्रे केर्तेस हा हंगेरीत जन्मलेला फोटोग्राफर. 1977 साली त्याची बायको एलिझाबेथ गेली तेव्हा त्याने ऐंशी ओलांडली होती. न्यूयॉर्कमधल्या वॉशिंग्टन स्क्वेअरवरच्या आपल्या फ्लॅटमध्ये, पोलरॉइड एसएक्स-70 या झटपट फोटो देणाऱ्या कॅमेऱ्याने, त्याने खिडकीत ठेवलेल्या एका छोट्या काचेच्या पुतळ्याचे फोटो काढायला घेतले. त्या पुतळ्याची मान आणि खांदा त्याला तिच्यासारखे वाटले होते. त्या कामाचं ‘फ्रॉम माय विंडो’ हे पुस्तक 1981 मध्ये आलं. प्रागचा फोटोग्राफर योसेफ सुडेक एक हात पहिल्या महायुद्धात गमावून बसलेला. त्याने 1940 ते 1954 या काळात आपल्या स्टुडिओच्या एकाच खिडकीचे फोटो काढले, कधी काचेवर दव, कधी पाऊस, कधी बाहेरचं वाकडं झाड. त्यातल्या सुरुवातीच्या वर्षांत त्या शहरावर जर्मनांचा ताबा होता आणि रस्त्यावर कॅमेरा घेऊन हिंडणं सोपं नव्हतं. तुझ्या स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला आहे. रोज सकाळी तिथे थोडा वेळ उभी राहा. आलेले फोटो लगेच डिलीट करू नकोस आणि कुणाला दाखवूही नकोस. लोकांचं मत फार लवकर आत शिरतं.

बाहेर पडणं याच्या पुढचं. घर बंद करून निघालीस की मन कुलपापाशी राहणार, समोर कितीही सुंदर उजेड असला तरी. यावर मी करते तो उपाय सांगते: कुलूप लावून झालं, ओढून बघितलं, की त्याचा फोनवर एक फोटो काढायचा. वाटेत शंका आली की फोटो बघायचा आणि पुढे जायचं. पहिल्या खेपेला लांब जाऊ नकोस. सकाळी लवकर मंडईत जा, उजेड अजून तिरका असतो तेव्हा. गाळ्यांवर भाज्या रचायचं काम चालू असतं, कुणाला तुझ्याकडे बघायला वेळ नसतो. तासाभरात परत ये. शेजारच्या काकूंना सांगून जायला लाजू नकोस.

कॅमेरा घेताना जुनाच घे असं मी म्हणेन, पण पक्क्या बिलावरच. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात जुन्या-नव्या कॅमेऱ्यांची दुकानं आहेत. तिथे गेलीस तर बॉडीवरचा नंबर बिलावर लिहून घे. बिल नाही पण भाव निम्मा, असं कुणी म्हणालं तर तिथून निघ. तो कॅमेरा दुसऱ्या कुणाच्या तरी घरातून आलेला असू शकतो, आणि चोरीचा आहे हे कळत असून घेतलेला माल ठेवणं हाही गुन्हा आहे. लेन्सचं छिद्र पूर्ण उघडून मागून टॉर्च मार, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. सोबत एकच लेन्स, 50 मिलिमीटर 1.8, स्वस्त आणि भरपूर उजेड घेणारी. आधी होत्या तेवढ्या सगळ्या लेन्सेस लगेच परत जमवायच्या मागे लागू नकोस. घराच्या विम्यात कॅमेरा आपोआप येतो असं समजू नकोस. कमाईच्या कामाला वापरणार असशील तर तेही कंपनीला आधी स्पष्ट सांग. आणि गावाला गेलीस की तिथले फोटो सोशल मीडियावर परत आल्यावरच टाक, घर रिकामं आहे हे कुणाला कळायला नको.

उद्या चोर सापडला आणि कॅमेरा मिळाला, तर तो मुद्देमाल म्हणून पोलीस ठाण्यात राहील. खटला संपेपर्यंत तो तिथेच पडला पाहिजे असं नाही. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्येच सांगितलंय की अशा वस्तू ठाण्यात विनाकारण ठेवू नयेत. पंचनामा करून, फोटो काढून, बंधपत्र घेऊन मालकाला द्याव्यात. त्यासाठी वकिलाकडून कोर्टात अर्ज करावा लागतो, आणि तिथे तो सिरियल नंबर पुन्हा लागेल. कॅमेरा हातात आला की चालू करायची घाई नको. आधी बॅटरी काढ, खाचेत कार्ड असेल तर ते बाजूला ठेव, आणि बॉडी-लेन्स सिलिका जेलबरोबर हवाबंद डब्यात काही दिवस राहू दे. कार्ड मात्र माझ्याकडे घेऊन ये, त्यातलं काय वाचतंय ते मिळून बघू.