वेल्सचे लोक मूळचे कोठले?

इंग्लंडला लागून पश्चिमेस वेल्स नावाचा डोंगराळ मुलूख आहे. वस्ती सुमारे ३१ लाख. त्यांची जुनी भाषा इंग्रजीहून अगदी निराळी. ते स्वतःला ‘कम्री’ म्हणतात, म्हणजे एका देशचे भाऊबंद. ‘वेल्श’ हे नाव इंग्रजांनी दिले. त्याचा अर्थ परके! मागून आलेल्याने घरच्या धन्यालाच परका म्हटले.

या मुलखात दक्षिणेस समुद्रकाठी एक गुहा आहे. तीत १८२३ साली गेरूने माखलेली माणसाची हाडे सापडली. बकलंड नावाच्या पंडिताला वाटले, ही रोमन काळातली बाई. म्हणून ‘तांबडी बाई’ नाव पडले. पुढे कळले, तो तरुण पुरुष होता, आणि तोही सुमारे ३३ हजार वर्षांपूर्वीचा! नाव मात्र बाईचेच राहिले. आजचे वेल्श थेट त्याचे वंशज, असे समजू नका. मध्यंतरी तिथे बर्फ साचले, माणसे निघून गेली. बर्फ वितळल्यावर दुसरी आली. सुमारे ६ हजार वर्षांपूर्वी शेतकरी आले, नंतर धातूकाम जाणणारे.

हे कसे कळते? आपल्या शरीरात डीएनए नावाचा अतिशय बारीक धागा असतो. निम्मा आईकडून येतो, निम्मा बापाकडून. त्यावरून पूर्वजांचा माग काढता येतो.

ब्रिटनच्या खेड्यांतील २,०३९ लोकांचा डीएनए शास्त्रज्ञांनी तपासला. निकाल २०१५ साली छापला. अट अशी, की आईकडचे व बापाकडचे चारही आजे-आज्या एकमेकांपासून ८० किलोमीटरच्या आत जन्मलेले हवेत. कारण कोळशाच्या खाणी निघाल्या, आगगाडी आली, आणि माणसे पोटासाठी कुठल्या कुठे गेली. आज्याचे गाव धरले म्हणजे जुनी वस्ती कळते.

काय दिसले? इंग्लंडच्या फार मोठ्या भागात लोकांचा एकच गट. चिमुकल्या वेल्समध्ये मात्र अनेक! उत्तरेचे लोक वेगळे, दक्षिणेचे वेगळे. मध्ये डोंगर, सोयरीक व्हायची ती आपल्याच खोऱ्यात. सगळ्या वेल्शांचे रक्त एक, असे म्हणणाऱ्यांची बरीच पंचाईत झाली म्हणायची.

पेम्ब्रोकशर जिल्ह्यात तर एकाच जिल्ह्याचे दोन गट निघाले. इसवी सन ११०८ च्या सुमारास पहिल्या हेन्री राजाने तिथल्या दक्षिण भागात फ्लँडर्स देशची माणसे आणून वसवली. इंग्रजही आले. पुढे त्या भागाला ‘धाकटे इंग्लंड’ म्हणू लागले. तिकडच्या बऱ्याच गावांची नावे आजही इंग्रजी आहेत, आणि थोडे उत्तरेस गेले की वेल्श.