चुंबक चिकटला म्हणून माल खोटा नसतो

मांजरसुंब्याहून कपिलधारला जाणाऱ्या रस्त्यालगत एका पाहुण्याच्या शेतावर पंप उघडला, तर स्टेनलेसचा ओतीव इम्पेलर पात्यांच्या मुळाशी कुरतडलेला. कार्तिकी पौर्णिमेची मन्मथस्वामींची यात्रा तोंडावर आलेली, बांधावर माणसांचा राबता, आणि जो तो आपलं निदान सांगतोय. कुणी बोअरच्या खारट पाण्याला दोष दिला, कुणी ठिबक धुवायच्या ॲसिडला. एकाने चुंबक लावला, तो जरासा चिकटला. झालं, माल बनावट!

पंप दुरुस्तीत माझी हयात गेली, म्हणून सांगतो. इथे ॲसिड पंपाच्या पुढे, पाइपात सोडत होते, इम्पेलरला ते लागतच नव्हतं. चुंबकाचं तर ऐकूच नका. ओतीव स्टेनलेसमध्ये थोडा फेराइट मुद्दाम ठेवतात, म्हणजे गोठताना भेगा पडत नाहीत. चुंबक त्यालाच धरतो. सर्टिफिकेट सीएफ८ या ओतीव स्टेनलेसच्या ग्रेडचं होतं, आणि तपासणीत क्रोमियम १८ टक्क्यांच्या वर, निकेल ८च्या वर निघालं. धातू चोख होता.

पण झीज कुठे होती? ओतकामातली पोकळी वेल्डिंगने भरली होती, त्या टाक्याच्या दोन्ही अंगांना. वेल्डनंतर नग भट्टीत गेलाच नव्हता. वेल्डच्या आचेने कडा साधारण ४२५ ते ८५० अंश सेल्सिअसच्या टापूत आल्या, की कार्बन क्रोमियमला ओढून कणांच्या सीमेवर बसतो. एक ग्रॅम कार्बन सोळा ग्रॅमहून जास्त क्रोमियम गिळतो! सीमेलगत क्रोमियम १२ टक्क्यांच्या खाली घसरलं, की गंज तिथूनच आत शिरतो.

यावर इलाज एकच: नग किमान १०४० अंशांपर्यंत तापवायचा, जाडीप्रमाणे मुरू द्यायचा आणि लगेच पाण्यात बुडवायचा. जमिनीवर निवत ठेवला, तर जाड भाग त्याच टापूतून रेंगाळत उतरतो, आणि केलेलं पाण्यात जातं.

तेव्हा ऑर्डर देताना नुसती रासायनिक तपासणी मागू नका. त्या हीट नंबरचा भट्टीचा तापमान-आलेख मागा. मोठी वेल्ड दुरुस्ती भट्टीच्या आधीच उरकायची, हे लेखी घ्या. नंतर वेल्ड लागणारच असेल, तर जास्तीत जास्त ०.०३ टक्के कार्बनचा सीएफ३ ग्रेड घ्या. थोडा महाग पडतो, पडू दे. भट्टीत धरलेला काळा पापुद्रा पिकलिंग करून (आम्लात धुऊन) काढलेला हवा. शंका असेल, तर लॅबमध्ये ऑक्झॅलिक आम्लाची चाचणी करून घ्या, सीमांवर चर दिसले, तर पुढच्या चाचणीत पास झाल्याशिवाय नग घेऊ नका.

हायड्रोक्लोरिक ॲसिड मात्र पंपात कधीच घालू नका. त्याच्यापुढे नीट तापवलेला इम्पेलरही टिकत नाही.