स्वेच्छानिवृत्ती हे बीपीचं औषध नाही

“डॉक्टर, व्हीआरएसचा फॉर्म भरतोय. एकदा नोकरी सुटली की या गोळ्याही बंद करू ना?”

अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात दवाखाना चालवताना हा प्रश्न माझ्या कानावर सतत पडतो. विचारणारे बहुतेक पन्नाशी ओलांडलेले. कुणी एमआयडीसीतल्या कंपनीत, कुणी मंत्रालयात, कुणी बँकेत. वीस-पंचवीस वर्षं लोकलनं धक्के खाल्लेले; बसायला जागा मिळावी म्हणून अंबरनाथहून आधी बदलापूरला रिटर्न जाणारे. त्यांचं थकणं मला पटतं. बदलापूर ते सीएसएमटी हे अंतर सुमारे 68 किलोमीटर आहे आणि ते रोज दोनदा कापणाऱ्या माणसाला विश्रांतीचा पूर्ण हक्क आहे. लवकर निवृत्ती घ्यायला माझा विरोध नाही. विरोध आहे तो “टेन्शन गेलं की बीपी-शुगर आपोआप जाईल” या समजुतीला. ती माणसांचे हात-पाय आणि वाचा घेऊन जाते, हे मी पाहिलं आहे.

फ्रान्समधल्या वीज आणि गॅस कंपनीच्या सुमारे 14 हजार कर्मचाऱ्यांचा निवृत्तीच्या सात वर्षं आधीपासून सात वर्षं नंतरपर्यंत मागोवा घेतला गेला. निष्कर्ष 2010 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आले. निवृत्तीनंतर शरीराचा आणि मनाचा थकवा लक्षणीय कमी झाला, उदासीची लक्षणंही उतरली. पण मधुमेह, हृदयविकार, पक्षाघात आणि श्वसनाचे आजार यांच्यावर निवृत्तीचा काही परिणाम दिसला नाही. ते वयाबरोबर वाढायचे तसे वाढत राहिले. म्हणजे निवृत्तीनंतर तुम्हाला बरं वाटेल, ते खरंच बरं वाटणं असेल, आणि त्याच वेळी रक्तवाहिन्यांमधला आजार आपलं काम करत राहील. धोका इथेच आहे. बरं वाटायला लागलं की गोळी नकोशी होते.

अंबरनाथच्या एका कारखान्यातले एक सुपरवायझर माझ्याकडे यायचे. वय 54. व्हीआरएसची रक्कम हातात आली तसं त्यांनी बारवी धरणाच्या बाजूला एका गावात छोटं घर घेतलं. मोकळी हवा, पहाटेचं फिरणं, शांत झोप. घरच्या मशीनवर बीपी 130 दिसलं. ते गोळी चालू असल्यामुळे 130 होतं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही आणि त्यांनी गोळी सोडली. मग मोबाइलवर आलेला दुधी-लसणाचा रस सुरू केला. काही महिन्यांनी एका संध्याकाळी जेवताना हातातला घास सुटला, तोंड वाकडं झालं. “वारं गेलंय, सकाळी बघू” म्हणून रात्र काढली. सकाळी आधी मालिश करणाऱ्याकडे नेलं आणि दुपारी रुग्णालयात. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ती वेळ केव्हाच टळली होती. ते आज चालतात, पण उजव्या हाताला पेला धरवत नाही. त्यांच्या पत्नीनं मला विचारलं, “त्यांना आराम मिळाला होता, मग हे का झालं?” हा स्तंभ मी त्या प्रश्नासाठी लिहितोय.

म्हणून चेहरा एका बाजूला ओघळणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, यातलं एकही लक्षण दिसलं तर घड्याळ बघा आणि 108 ला फोन करा. छातीत दडपण येऊन घाम सुटला, वेदना जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे गेली, तर “गॅस असेल” म्हणत सोडा पिऊ नका. मधुमेह असलेल्यांना छातीत न दुखताही झटका येतो. त्यांच्यात नुसती धाप आणि घाम हाच इशारा असू शकतो.

आता निर्णयाकडे येतो. “आता झेपत नाही” हे वाक्य ऐकलं की मी निवृत्तीचा विचार बाजूला ठेवून आधी रक्त तपासायला पाठवतो. न झेपण्यामागे कित्येकदा नोकरीऐवजी दुसरंच काही निघतं: कमी झालेलं हिमोग्लोबिन, थायरॉइड, बेताल शुगर, किंवा झोपेत श्वास अडकण्याचा आजार. हा शेवटचा तर फार दुर्लक्षित. रात्री मोठ्यानं घोरणं, मधेच गुदमरल्यासारखं दचकून उठणं, सकाळी डोकं जड, दिवसा बसल्याजागी डुलकी. या माणसाचं बीपी गोळ्यांनीही आटोक्यात येत नाही. त्याला खापर फोडायला ऑफिस सापडतं. बायकांमध्ये पाळी जाण्याच्या वर्षांत झोप मोडते, चिडचिड होते, आणि त्या काळात राजीनाम्याचा विचार हमखास येतो. नैराश्यातही माणसाला सगळं सोडून द्यावंसं वाटतं. या सगळ्यांवर उपचार आहेत. उपचार करा, तीन-चार महिने थांबा, आणि तेव्हाही नोकरी सोडावीशी वाटली तर खुशाल सोडा. सरकारी नोकरीत वीस वर्षांची सेवा झाली की तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. तपासण्या त्या नोटिशीच्या आधी व्हायला हव्यात.

काहींना मात्र मी स्वतःहून सांगतो, की सोडा. हृदयाची पंपिंगची ताकद उतरलेली असताना रात्रपाळी करणारा, रसायनाच्या वाफेनं दमा बळावलेला, कंबरेचा मणका सरकलेला असून ओझी उचलणारा. यांनीही आधी खातं बदलून किंवा हलकं काम मागून पाहावं. नाही मिळालं तर शरीर पणाला लावू नये. जाताना कारखान्यातल्या वैद्यकीय तपासणीच्या नोंदी, छातीचा एक्स-रे आणि कानांची तपासणी यांच्या प्रती मागून घ्या. पाच वर्षांनी धाप लागली तर माझ्यासारख्या डॉक्टरला त्याच कागदांचा आधार असतो.

बायकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. लेडीज डब्यात उभं राहून वीस वर्षं काढलेली बाई व्हीआरएस घेते तेव्हा घरच्यांना ती रिकामी झाल्यासारखी वाटते. नातवंडं, सासूबाईंचं आजारपण, दोन वेळचा स्वयंपाक, सगळं तिच्याकडे. वर्षभरात ती गुडघे धरून माझ्यासमोर बसते. घरातल्यांनो, तिनं विश्रांतीसाठी पगार सोडला आहे. कामांची वाटणी निवृत्तीच्या आधीच ठरवा.

बीएसएनएल आणि एमटीएनएलच्या स्वेच्छानिवृत्ती योजनेची आठवण इथे काढली पाहिजे. पन्नाशी पूर्ण केलेल्यांसाठी असलेल्या त्या योजनेत बीएसएनएलचे 78 हजारांवर आणि एमटीएनएलचे 14 हजारांवर कर्मचारी 31 जानेवारी 2020 रोजी एकाच दिवशी बाहेर पडले. दोन महिने व्हायच्या आत, 25 मार्चला, देशभर टाळेबंदी लागली. ठरवलेल्या यात्रा, लग्नं, छोटे व्यवसाय, सगळं ठप्प. निवृत्तीची आखणी फक्त बाहेरच्या कार्यक्रमांवर उभी असेल तर ती अशी एका दिवसात कोसळू शकते. उठण्याची वेळ, चालणं, जेवणाची वेळ, रोज बोलायला दोन माणसं, हे आपल्या हातात राहतं. लोकलचे जिने आणि स्टेशनापासून ऑफिसपर्यंतची चाल हा तुमचा नकळत होणारा व्यायाम होता. नोकरीबरोबर तोही थांबतो. आठवड्याला किमान 150 मिनिटं भरभर चाला. शिल्लक रजा असेल तर अर्ज करण्याआधी महिनाभर घरी राहून बघा. सहलीला जाऊ नका, घरीच राहा. तुम्हालाही कळेल, घरच्यांनाही.

निवृत्तीनंतरचे पहिले काही आठवडे उदास वाटलं तर घाबरू नका, बहुतेकांचं ते ओसरतं. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ पहाटे तीनलाच जाग, जेवणावरची वासना उडणं, दाढी-आंघोळीचा कंटाळा, “आता माझा काय उपयोग” अशी भाषा, किंवा दुपारीच पेला हातात येणं दिसलं, तर हा आजार आहे. मरणाचा विषय निघाला तर एक दिवसही थांबू नका. 14416 हा ‘टेलि-मानस’चा मोफत क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं.

एकरकमी पैसा हातात आला की तो हेरणारेही येतात. चुंबकाची गादी, अल्कलाइन पाण्याचं मशीन, शुगर “रिव्हर्स” करण्याचा हजारो रुपयांचा कोर्स, सांधेदुखीची पुडी. पुडीनं दोन दिवसांत गुडघा हलका झाला तर आनंदू नका. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं असतं हे वारंवार उघड झालं आहे, आणि स्टेरॉइडनं शुगर भडकते, हाडं ठिसूळ होतात. जो माणूस तुमची चालू गोळी बंद करायला सांगतो आणि स्वतःची वस्तू विकतो, त्याला दारातूनच परत पाठवा.

बारवीकडे घर घेणाऱ्यांनाही थोडं सांगतो. एमआयडीसीनं कारखान्यांसाठी बांधलेलं हे धरण आज आपल्या शहरांची तहान भागवतं, आणि त्याच्या आसपासची हिरवाई निवृत्तांना खुणावते. तिथे राहा, पण आधी पावसाळ्यातल्या एका रात्री तिथून सीटी स्कॅन आणि हृदयविकाराचे उपचार असलेल्या रुग्णालयापर्यंत पोचायला किती वेळ लागतो ते स्वतः गाडीनं जाऊन मोजा. दवावर अनवाणी चालल्यानं नजर सुधारते हा मेसेज मधुमेही माणसांनी पुसून टाकावा. पायाची संवेदना गेलेली असताना काटा रुतलेला कळत नाही, आणि त्या जखमेतून बोट कापण्याची वेळ येते. भातशेतीत उतरण्याआधी गमबूट घाला. लेप्टोस्पायरोसिसचा आजारही शेतातल्या पाण्यातून येतो. साप चावला तर घट्ट बांधणं, कापणं, मांत्रिक, काही नको. हातपाय न हलवता सरकारी रुग्णालय गाठा.

शेवटी औषधांचा खर्च. कर्मचारी राज्य विमा योजनेत किमान पाच वर्षं असाल, तर व्हीआरएस घेतल्यावरही वर्षाला 120 रुपये भरून पती-पत्नीला वैद्यकीय लाभ चालू ठेवता येतो. हे माहीत नसल्यानं कितीतरी कामगार हा हक्क सोडून देतात. कंपनीचा मेडिक्लेम असेल तर तो नोकरीबरोबर संपतो, आणि नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी 36 महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणजे स्वतःची पॉलिसी निवृत्तीच्या तीन वर्षं आधी घ्यायला हवी. सत्तरीनंतर आयुष्मान कार्ड आहे, पण पंचावन्न ते सत्तर ही पंधरा वर्षं तुमची तुम्हालाच सांभाळायची आहेत. पीएफची पेन्शन 58 च्या आधी घेतली तर दर वर्षामागे 4 टक्के कमी मिळते, हेही त्या हिशेबात धरा. महिन्याचं औषधाचं बिल नीट लिहून काढा. जनऔषधी केंद्रात तीच औषधं पुष्कळ स्वस्त मिळतात.

फॉर्मवर सही करण्याआधी एकदा आपल्या डॉक्टरकडे जा. सगळ्या गोळ्या, जुने रिपोर्ट आणि तुमच्या घोरण्याबद्दल खरं सांगणारं घरातलं माणूस बरोबर न्या. आणि निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळची बीपीची गोळी नेहमीच्याच वेळी घ्या.