पदवी आणि विद्यापीठाचे नाव



परीक्षेचे दिवस जवळ आले की आपल्या सुरतेत घरोघरी एकच चिंता ऐकू येते : मुलाला नामांकित संस्थेत प्रवेश न मिळाल्यास त्याचे पुढे कसे व्हावयाचे? १९६१ साली येथे निघालेले अभियांत्रिकी महाविद्यालय, म्हणजे आजची सरदार वल्लभभाई राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था, अनेकांच्या डोळ्यांसमोर असते. तेथील जागा मात्र मोजक्या. ही चिंता अगदीच निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. परंतु एकाच घरातील दोन पुरुषांची चरित्रे पाहिली, म्हणजे तिचे खरे मोल कळते.

धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) हे गोव्यातील साखवळचे. आम्हां कोकणी बोलणाऱ्यांपैकीच एक. त्यांचे शालेय शिक्षण लवकर सुटले. पदवी तर कधीच मिळाली नाही. बौद्ध धर्माच्या ओढीने त्यांनी १८९९ मध्ये घर सोडले. काशीस अन्नछत्रात जेवून ते संस्कृत शिकले आणि पुढे सिंहलद्वीपात पाली. असा हा मनुष्य १९१० साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेला, तो विद्यार्थी म्हणून नव्हे! ‘विशुद्धिमग्ग’ ह्या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी तेथील विद्वानांनीच त्यांना बोलाविले होते. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविली. त्यांचे शिष्य पु. वि. बापट ह्यांनी तर हार्वर्डचीच डॉक्टरेट मिळविली.

एवढ्यावरून ‘पदवी व्यर्थ’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण ते खरे नव्हे. धर्मानंदांना पदवीऐवजी गुणग्राहक माणसे लाभली. बडोद्याचे सयाजीराव महाराज ह्यांनी त्यांना दरमहा ५० रुपये दिले, म्हणून त्यांना निश्चिंतपणे ग्रंथलेखन करता आले. असा आश्रयदाता प्रत्येकास कोठून मिळावा? अनोळखी माणसापुढे आपली ओळख पटविण्याचे काम आज पदवीच करते. आपल्या शहरात घंटीवर हात बसलेल्या हिऱ्याच्या कारागिराला कोणी प्रमाणपत्र विचारीत नाही. पण २००८ च्या मंदीत कारखाने बंद पडले, तेव्हा दुसऱ्या धंद्यात दाखविण्याजोगा कागद पुष्कळांजवळ नव्हता.

धर्मानंदांचे पुत्र दामोदर ह्यांची गोष्ट निराळी. १९२९ साली त्यांनी हार्वर्डची पदवी अत्युच्च सन्मानाने मिळविली. तिच्या बळावर काशी, अलीगढ, पुणे येथे गणिताच्या अध्यापनाची दारे त्यांना उघडली. तथापि आज त्यांचे नाव विशेषेकरून घेतले जाते ते इतिहासासाठी, आणि त्या विषयाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती! जुनी नाणी तोलून त्यांच्या झिजेचे गणित मांडणे, पुण्याच्या आसपासची खेडी पायी हिंडणे, असा त्यांचा अभ्यास होता; त्यातूनच १९५६ साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ निघाला. त्यांना ह्या कामी हार्वर्डचे नाव उपयोगी पडले नाही. तेथे शिकलेले गणित आणि युरोपीय भाषा उपयोगी पडल्या.

तेव्हा पुढील वर्षी महाविद्यालय निवडताना त्याच्या नावाबरोबर आणखीही चौकशी करावी. ग्रंथालय संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडे असते? प्रयोगशाळेतील उपकरण विद्यार्थ्याच्या हाती येते, की कपाटातच राहते? अध्यापक तासानंतर भेटतात काय? ह्या गोष्टी माहितीपत्रकात क्वचितच छापलेल्या असतात; तेथे शिकत असलेल्या एखाद्या विद्यार्थ्यास गाठून त्या विचाराव्या लागतात.